कोल्हापूर–बारामती–कोल्हापूर: गेनला हात लावण्याआधी बोल्टची भोकं बघा

घरी बांधलेलं दोन आसनी विमान, स्टिक हलवणारा ऑटोपायलट, पिच (नाक वर-खाली) आणि रोलला (पंख कलणं) एकेक सर्वो, म्हणजे ऑटोपायलटची छोटी मोटर. मार्ग उजळाईवाडीहून, म्हणजे कोल्हापूर विमानतळावरून, कराडमार्गे बारामती आणि त्याच वाटेने परत. एका बाजूने जवळपास १०० नॉटिकल मैल. जाताना सांगण्यासारखं काही नाही. सकाळची गार हवा, खाली हायवे, विमान रुळावर बसवल्यासारखं. बारामतीबद्दलही काही लिहीत नाही, तिथे सगळं सुरळीत होतं. लिहायचंय ते परतीच्या शेवटच्या ३८ मैलांबद्दल, म्हणजे कराड ते कोल्हापूर.

त्या टप्प्यात ५,५०० फुटांवर अल्टिट्यूड होल्ड (उंची आपोआप धरून ठेवणं) लावला की नाक वर, नाक खाली. ४० फूट वर, ४० फूट खाली, एका झोक्याला साधारण २० सेकंद. आकडा छोटा वाटतो, पण अर्धा तास पोटात पाळणा हलवला तर कळतं.

यावर ज्याला विचाराल तो एकच सांगतो: गेन कमी करा. गेन म्हणजे उंची चुकली की ऑटोपायलट किती जोराने सुधारतो ते. हा सल्ला इतका सरसकट मिळतो की तो चुकीचा असेल अशी शंकाच येत नाही. गेन एक पायरी कमी केला तर झोका लांबला, थांबला नाही. आणखी एक पायरी कमी केल्यावर उंची सुटायला लागली. इथेच कळायला हवं होतं. गेन जास्त असतो तेव्हा थरथर बारीक आणि जलद असते, सेकंद-दोन सेकंदांची, स्टिकवर हात ठेवला तर जाणवते. सावकाश, मोठा झोका बहुतेक वेळा सॉफ्टवेअरचा नसतोच. सर्वो हलतो, पण एलिव्हेटरपर्यंत (नाक वर-खाली करणारी शेपटीची हलती फळी) ती हालचाल पोचायला मध्ये मोकळीक भरून निघावी लागते. तोवर विमान पुढे गेलेलं असतं, सर्वो उलटा फिरतो, पुन्हा तीच मोकळीक.

तपासायची पद्धत जमिनीवरची आहे, दहा मिनिटांची. ऑटोपायलट एंगेज करा म्हणजे सर्वोचा आर्म (मोटरवरचा छोटा दांडा) लॉक होईल. एकाने एलिव्हेटर धरून ठेवायचा नाही, नुसता बघायचा. दुसऱ्याने स्टिकचं टोक दोन बोटांनी पुढे-मागे करायचं. विरोध लागण्याआधी टोक ३ मिमीहून जास्त हललं तर पुढे उडू नका. मग एकाने सर्वो आर्मचं टोक, पुशरॉडची (जोडदांड्याची) दोन्ही टोकं, बेलक्रँक (हालचालीची दिशा बदलणारा कोनी तुकडा) यावर पाळीपाळीने बोट ठेवायचं. मोकळीक डोळ्याआधी बोटाला कळते.

सापडलं ते असं. या जोडणीत एएन३ बोल्ट लागतो, जाडी तीन-सोळांश इंच, म्हणजे ४.७६ मिमी. ब्रॅकेटची भोकं ५ मिमीच्या ड्रिलने मारलेली, ‘जवळपास तेच’ म्हणून. एका भोकात ०.२४ मिमी मोकळीक, दोन टोकांना मिळून अर्धा मिमी. दांड्याचं प्रमाण १:८ धरलं, म्हणजे इथला एक मिमी स्टिकला आठ, तर स्टिकच्या टोकाला हे जवळपास ४ मिमी होतात. नट कितीही घट्ट असला तरी उलटसुलट भाराने बोल्ट तेवढा सरकतो, आणि महिन्याभरात भोक लंबगोल होतं. लंबगोल झालेल्या भोकात वॉशर कोंबून दाबू नका. ब्रॅकेट नवीन करा, आधी बारीक ड्रिल मारा, मग रीमर (भोक नेमक्या मापाचं करणारं हत्यार) फिरवा.

रॉड-एंड (पुशरॉडच्या टोकाचं बेअरिंग) बदलताना मोठा वॉशर, एएन९७०-३, बाहेरच्या बाजूने घालायचाच. बेअरिंगचा गोळा निसटला तरी रॉड बोल्टवरून सुटून जात नाही तो या वॉशरमुळे. नटला २० ते २५ इंच-पौंड टॉर्क, वर रंगाची खूण. आणि आर्मचा कोन बघा: मधल्या स्थितीत आर्म आणि पुशरॉड काटकोनात, आणि पूर्ण फिरल्यावरही दोघं एका रेषेच्या जवळ जाता कामा नयेत. गेले तर आर्म पलीकडे उलटून कंट्रोल जाम होतो. यात थोडंबहुत चालतं असं काही नाही.

मोकळीक काढूनही उंची थोडी डोलत असेल तर स्टॅटिक लाइन बघा, म्हणजे अल्टिमीटरला बाहेरच्या हवेचा दाब पोचवणारी नळी. आपल्याकडे पावसाळ्यानंतर तिच्यात पाणी असतंच, आणि पिटोच्या (वेग मोजणाऱ्या नळीच्या) तोंडात कुंभारीण माशीचा चिखल. फुंकर मारायची असेल तर आधी इन्स्ट्रुमेंटकडची नळी सोडा, नाहीतर अल्टिमीटर गेलाच. गळती तपासायला स्टॅटिकचं एक पोर्ट (बाहेरचं छिद्र) ठळक रंगाच्या टेपने बंद करा, दुसऱ्याला नळी लावून सिरिंजने सावकाश ओढा. उजळाईवाडीला अल्टिमीटर सुमारे २,००० फूट दाखवतो. तो ३,००० वर न्या आणि नळी चिमटून धरा. एका मिनिटात १०० फुटांहून जास्त उतरला तर जोड गळतोय. सोडतानाही सावकाश. टेप काढायला विसरू नका, हे वाक्य दोनदा वाचा.

रोलमध्ये भटकत असेल तर आधी एक सोपा प्रयोग. ट्रॅक मोडमध्ये (जीपीएसचा मार्ग) सरळ जातं आणि हेडिंग मोडमध्ये (होकायंत्राची दिशा) भटकतं, तर दोष मॅग्नेटोमीटरजवळ (इलेक्ट्रॉनिक होकायंत्र) आहे: लोखंडी स्क्रू, नाहीतर लँडिंग लाइटची वायर शेजारून गेलेली. स्क्रू पितळी घाला, वायरची परतीची तार तिच्यासोबत पिळून न्या. दोन्ही मोडमध्ये भटकत असेल तर पुन्हा बोल्ट आणि एलेरॉनचं (पंखाच्या हलत्या फळीचं) घर्षण. सर्वो मधेच गायब होत असेल आणि यंत्रणा कॅन बसवर (उपकरणांना जोडणारी दोन तारांची डेटा लाइन) असेल तर वीज बंद करून तिच्या हाय आणि लो तारांमध्ये मीटर लावा. ६० ओहम बरोबर. १२० म्हणजे एका टोकाचा टर्मिनेटर (लाइनच्या टोकाचा रोधक) नाही, ४० म्हणजे कुणीतरी तिसरा लावून ठेवलाय.

टॉवरशी बोलायला बटण दाबताच नाक झुकत असेल, आणि कोल्हापूरला उतरताना हेच होतं कारण तेव्हाच सारखं बोलावं लागतं, तर सर्वोची वायर अँटेनाच्या केबलपासून लांब न्या आणि अँटेनाच्या बुडाशी धातूचा सांधा घासून साफ करा.

दुरुस्तीनंतरची चाचणी सकाळी ९ च्या आत. दुपारी नांगरलेल्या काळ्या रानावरून उसावर गेलं की हवा बदलते, एप्रिल-मे मध्ये वळीवही उठतो; त्या हवेत लावलेला गेन सकाळी नेहमी चुकीचा निघतो. जमिनीपासून ३,००० फूट, म्हणजे अल्टिमीटरवर ५,०००. पन्हाळ्याकडे जाऊ नका, तिकडे जमीनच ३,००० च्या वर आहे. आधी हाताने ट्रिम (स्टिक सोडली तरी विमान समतल राहील असं लावणं), मगच एंगेज. ट्रिम नसेल तर सर्वो भार धरून राहतो आणि बंद करताच नाक उसळतं. निघण्याआधी बंद करण्याचे तिन्ही मार्ग जमिनीवर करून बघा: स्टिकवरचं बटण, ब्रेकर, आणि हाताच्या जोराने सर्वोवर मात. आता गेन, एका वेळी एकच, एकच पायरी, वहीत लिहून.

पैशांचं. बाहेरच्या एका दुकानदाराने फोनवरच निकाल दिला, काही न उघडता: सर्वो गेला, बदला. ड्यूटी धरून लाखाच्या घरात. ही शुद्ध लूट. खरा खर्च चार बोल्ट, दोन रॉड-एंड आणि एक ब्रॅकेट. रॉड-एंड कागदपत्रासकट विमानाचेच घ्या, तिथे काटकसर नको. रीमर आणि जिग (भोक सरळ मारायचा साचा) मात्र कोल्हापूरच्या उद्यमनगरात. तिथे तीन-सोळांश इंच म्हणत बसू नका, दीड सूत म्हणा. आणि कशासाठी हे विचारल्याशिवाय सांगू नका. विमान म्हटलं की भावही उडतो.