तीन तबकड्या आणि कस्टमचं पत्र

आमचं जुनं घर शनिवार पेठेत, नदीपासून हाकेच्या अंतरावर. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा तळमजला बुडाला आणि आजोबांची तबकड्यांची पेटी चिखलात गेली. चावीचा ग्रामोफोन माळ्यावर होता म्हणून वाचला. बाबा तेव्हा चौदा वर्षांचे होते. पेटीतल्या बालगंधर्वांच्या तबकड्या त्यांना लेबलाच्या रंगासकट आठवतात. त्या एकेक करून परत घरात आणायच्या, हे मी काही वर्षांपूर्वी मनावर घेतलं.

बुधवार-रविवारचा जुना बाजार कितीदा पालथा घातला. काही मिळाल्या, पण बाबांना हव्या असलेल्या चार तबकड्या मिळेनात. त्या शेवटी सापडल्या इंग्लंडमध्ये.

पहिली मागवली २०२१ मध्ये, ४५ पौंडांना. विक्रेता भला माणूस. मला कर पडू नये म्हणून त्याने न विचारताच कस्टमच्या फॉर्मवर ‘भेटवस्तू, १० पौंड’ असं लिहून टाकलं. पूर्वी पाच हजार रुपयांपर्यंतची भेट करमुक्त यायची आणि बाहेरच्या अनेक विक्रेत्यांच्या डोक्यात अजून तेच आहे. पण १२ डिसेंबर २०१९ पासून ती सवलत बंद झाली. टपालाने किंवा कुरियरने भेट म्हणून करमुक्त येऊ शकतात त्या फक्त राखी आणि जीवरक्षक औषधं. तेव्हा मलाही हे माहीत नव्हतं. पार्सल अडकलं, बिल मागितलं गेलं, मी खरं बिल पाठवलं आणि कर ४५ पौंडांवरच लागला. त्यात तबकडी आली ती मधोमध तडकून. भरपाई मागायला गेलो तर उत्तर मिळालं, फॉर्मवर १० पौंड लिहिलेत, भरपाईही तेवढ्याचीच. बाबा तुकडे हातात घेऊन किती तरी वेळ बसले होते. पैशांपेक्षा मला तेच जास्त लागलं.

राहिलेल्या तीन तबकड्या दुसऱ्या एका विक्रेत्याकडे दिसल्या तेव्हा मी आधी बोली न लावता त्याला पत्र लिहिलं. वस्तूची खरी किंमत लिहा, टपालखर्च वेगळा दाखवा, ‘भेट’ लिहू नका, ‘जुन्या वापरलेल्या ग्रामोफोन तबकड्या, ३ नग’ असं स्पष्ट लिहा आणि बिलाची एक प्रत खोक्याच्या बाहेर प्लॅस्टिकच्या पाकिटात लावा. खोक्यात खोकं, मध्ये कागदाचे बोळे घट्ट, आणि तबकड्यांच्या दोन्ही अंगांना जाड पुठ्ठा. लाखेची तबकडी काचेसारखी असते. खोक्यात जरा हलायला जागा मिळाली की संपलं. तीन तबकड्यांचे ६० पौंड आणि टपाल २४ पौंड ठरले.

ही गोष्ट २०२३ च्या पावसाळ्यातली. पार्सल मुंबईत उतरलं आणि ट्रॅकिंगवर आठवडाभर एकच ओळ दिसत राहिली. मग पोस्टाने कस्टमचं पत्र आलं: बिल, पैसे भरल्याचा पुरावा आणि ओळखपत्र सादर करा, स्वतः या किंवा कागद पाठवा. कागद पाठवूनही काम झालं असतं. पण पहिल्या तडकलेल्या तबकडीनंतर मला राहवेना. ७.१५ ची डेक्कन क्वीन पकडली, सीएसएमटीहून बॅलार्ड इस्टेटपर्यंत छत्री सांभाळत चालत गेलो आणि फॉरेन पोस्टाच्या रांगेत बसलो.

हिशोब मी घरीच करून नेला होता. वैयक्तिक वापरासाठी टपालाने येणारा माल कस्टमच्या दरपत्रकात ९८०४ या शीर्षकाखाली धरतात. तेव्हा त्यावर मूळ सीमाशुल्क ३५ टक्के, त्या शुल्काच्या १० टक्के समाजकल्याण अधिभार आणि या सगळ्यासकटच्या रकमेवर २८ टक्के आयजीएसटी, म्हणजे आयात मालावरचा जीएसटी, असं होतं. करावर कर चढत गेल्यामुळे एकूण आकडा ७७.२८ टक्क्यांवर जातो. आणि हा कर नुसत्या वस्तूच्या किमतीवर नसतो, टपालखर्च आणि विमा धरून लागतो. पौंडाचा कस्टमचा दर तेव्हा साधारण १०५ रुपये होता. ८४ पौंड आणि विम्याचे थोडे रुपये धरून मी ६,८७१ रुपये काढले होते.

तिथल्या कस्टमच्या मॅडमनी माझा कागद पाहिला आणि म्हणाल्या, “टपालखर्च पूर्ण का धरलात?”

“भरलाय ना मॅडम तेवढा. २४ पौंड. पावती आहे.”

“भरला असेल. पण माल विमानाने आलाय. विमानाने आला की भाडं वस्तूच्या किमतीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त धरायचं नसतं. तुमचे १२ पौंडच धरायचे.”

२००७ च्या मूल्यांकन नियमांत, नियम १० मध्ये, ही तरतूद आहे. घरी आल्यावर मी ती शोधून वाचली. परदेशातून एक-दोन नग मागवणाऱ्या माणसासाठी ही फार मोठी गोष्ट आहे, कारण आपल्या बाबतीत टपालखर्च अनेकदा वस्तूच्या किमतीच्या निम्म्यावर जातो. नवा हिशोब असा झाला: ६,३०० रुपये वस्तूंचे, १,२६० भाड्याचे, विमा १.१२५ टक्क्यांनी ७१ रुपये. त्यावर ७७.२८ टक्क्यांनी कर आला ५,८९७. सुमारे ९७५ रुपये वाचले. त्या टेबलापर्यंत गेलो म्हणून मला हे कळलं.

जाता जाता मी आणखी एक विचारलं. तीनपैकी दोन तबकड्यांच्या लेबलावर डमडमचं नाव होतं. आपल्याच देशातली लाख, कलकत्त्याजवळच्या कारखान्यात बनलेली तबकडी, गाणं पुण्या-मुंबईच्या रंगभूमीवरचं. मग परत घरी येताना कर कशाचा? मॅडम हसल्या नाहीत, नीट समजावलं. निर्यात झालेला माल परत आला तर सवलत असते, पण निर्यातीचे कागद लागतात आणि परत येण्याची मुदत तीन वर्षांची, फार तर पाच. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी कुणीतरी ट्रंकेत घालून नेलेल्या तबकड्यांना ती कशी लागू होणार? मला ते पटलं.

मधल्या काळात दर बरेच उतरले आहेत. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे टप्पे बदलले, आणि २०२६ च्या अर्थसंकल्पात वैयक्तिक मालावरचं मूळ शुल्क, जे ३५ वरून आधीच २० टक्क्यांवर आलं होतं, ते १० वर आणायचं जाहीर झालं. तेव्हा माझे आकडे तसेच्या तसे धरू नका, मागवण्याच्या दिवशीचा दर बघा. किंमत मात्र खरीच लिहून घ्या. खोटी किंमत सापडली तर कस्टम कायद्याच्या कलम १११ खाली माल जप्त होऊ शकतो, आणि वाटेत मोडतोड झाली तर काय होतं ते मी भोगलं आहे. मी आता बोली लावतानाच वहीत तीन रकाने करतो: किंमत, टपाल, कर. तिघांची बेरीज परवडली तरच पुढे.

मुंबईच्या त्या फेरीनंतर पाच दिवसांनी पोस्टमनकाका आले. कराचे पैसे मोजून घेतले, पावती दिली आणि म्हणाले, “जड आहे हो, काय मागवलंत?” खोकं मी तिथेच, दारातच उघडलं. पुठ्ठ्यामागे पुठ्ठा. पहिली तबकडी बोटांच्या टोकांवर धरून उजेडात फिरवली, कडेला नख लावून पाहिलं. तडा नाही. दुसरी. तिसरी.

बाबांनी मलमलीचा तुकडा आधीच काढून ठेवला होता. त्यांनी धूळ पुसली, मी चावी दिली. तीन मिनिटांत बाजू संपली, सुई आतल्या खाचेत खरखरू लागली. बाबांचे डोळे मिटलेलेच होते. न उघडता त्यांनी डबीतून नवी सुई काढून माझ्यापुढे धरली.

“सुई बदल,” म्हणाले, “आणि दुसरी बाजू लाव.”