माळावरच्या तपकिरी रेघा

माळ बघण्यासारखा असतो, असं आमच्या माणदेशात कुणी मानत नाही. वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटरच्या आतबाहेर, तोही आला तर. बाकी मुरूम, कुसळं आणि मेंढरं. दहिवडीभोवतालचा हा माळ मी नीट पाहिला तो अकरावीच्या भूगोल प्रात्यक्षिकात, ४७ के/१० या टोपोशीटवर, म्हणजे जमिनीचे चढउतार दाखवणाऱ्या नकाशावर.

२ सेंटिमीटरला १ किलोमीटर, सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या तपकिरी समोच्च रेषा, एकीपासून दुसरीपर्यंत उंचीचा फरक २० मीटर; रेघा दाट तिथं चढ. चिन्हांची घोकंपट्टी सरांनी करून घेतलीच, मार्क त्यालाच होते. पण वरचं शीट शेजारी जोडून ते विचारायचे, "दहिवडीतनं शिखर शिंगणापूरला चालत निघालास, तर दम कुठं लागंल?" मग बोट फिरवायचं. रेघा विरळ, विरळ, एकदम गठ्ठा, पुन्हा मोकळं. बेसाल्टचे थर एकावर एक साचलेले. कठीण थराचा कडा उरतो, मऊ थर झिजतो, म्हणून आमचे डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी चढतात आणि माथ्यावर सपाट असतात. शिंगणापूरच्या पलीकडं, फलटणच्या अंगाला, रेघा एकमेकींना चिकटलेल्याच. "हा मुंगी घाट. चैत्रात कावडी इथनं वर येतात." मागच्या बाकावरनं आवाज आला, "तरीच गुडघे गेले!"

ओढे मात्र काळे. निळा रंग पाणी असेल तिथंच, आणि आमच्या शीटवर निळं शोधावं लागे. एका काळ्या रेघेशेजारी बारीक '३ आर' छापलेलं होतं, 'आर' म्हणजे सापेक्ष उंची, काठ ओढ्यापासून ३ मीटर उंच. २० मीटरच्या हिशेबात एवढा उतार सापडतच नाही. रेषा सपाट म्हणतात तिथं बैलगाडी अडते. ते 'आर' वाचायची सवय सरांनी लावली.

पुढं मी पाणलोटाच्या कामात शिरलो. पाणी अडवायला सारख्या उंचीवर खणायचा समतल चर म्हणजे तीच तपकिरी रेघ, फक्त फक्कीनं, चुन्याच्या पांढऱ्या भुकटीनं, जमिनीवर आखलेली. हल्लीची मुलं मोबाइलवर उपग्रहाचा फोटो दाखवतात. त्यात झाडं मोजता येतात, उतार दिसत नाही; मी अजून आधी शीट मागतो.

एकदा आखणी चालू असताना एक मेंढपाळ आजोबा येऊन उभे राहिले. "सरळ काढायला काय झालंतं रं?" उत्तर देण्यापेक्षा त्यांच्या हातात ए-फ्रेम दिली, म्हणजे समतल शोधायची 'A' आकाराची, ओळंबा टांगलेली चौकट. ओळंबा मधल्या खुणेवर येईस्तोवर त्यांनी तिचा पाय मागंपुढं केला आणि पुढची फक्की स्वतःच टाकली.