बारक्याला कोण धरील?

दसरा झाला की आमच्या गावात ऊसतोडीला जायला ट्रॅक्टर लागायला सुरुवात होते. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, पावसाळ्यातच घेऊन खर्चलेली असते, म्हणून जायचं की नाही हा प्रश्नच नसतो. ट्रॉलीत भांडी, सरपण, शेळी आणि वर पोरं.

धाकटी तिसरीत असल्यामुळं मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. त्या दिवसांत यादी घेऊन घरोघर फिरायचं, पोरं मागं ठेवा म्हणून. त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृह असतं. नाव वसतिगृह, पण आमची पोरं झोपतात आजीकडंच. सकाळ-संध्याकाळचं जेवण शाळेत, दुपारची खिचडी आहेच. पैसे वरून कधी येतील त्याचा नेम नाही. गेल्या वर्षी दोन महिने दुकानदारानं उधारीवर किराणा दिला, ज्वारी गावातून पायलीपायलीनं जमवली. एका म्हातारीनं तर निवडून दिली. (बाकीच्यांनी खडे आमच्यासाठी ठेवले होते.)

जेवणाचं असं निभतं. अडतं ते मुलींपाशी. मुलगे मागं राहतात. पोरगी दहा-अकराची झाली की तिला नेतातच. पाचवीतल्या एकीच्या घरी मी तीनदा गेलो. पोरगी तिसापर्यंत पाढे घडाघडा म्हणते. तिसऱ्या खेपेला तिची आई म्हणाली, "ठिवते की भाऊ. पर बारक्याला कोन धरील? म्या मोळी उचलू का त्याला?"

कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. बाई बाळापाशी बसली की उरला अर्धा कोयता. मग उचल फिटायची कशी? मी काय बोलणार! लहानपणी दोन हंगाम मीही कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीत, काढलेत, धाकट्या बहिणीला दावणीसारखा बांधलेला.

समितीत म्हटलं, बारक्यालाही ठेवून घेऊ. शेजारची एक आत्या दिवसा सांभाळायला तयार झाली, तिला ज्वारी द्यायचं ठरलं. मोठ्या तोऱ्यात सांगायला गेलो. आई म्हणाली, "अंगावर पितंय अजून."

मग गुरुजींकडून शिक्षण हमी पत्रक घेतलं. ते दाखवलं की कारखान्याजवळच्या शाळेनं तिला बसवून घ्यायचं असतं. शाळा कोपीपासून किती लांब, ते पत्रकावर नसतं. ट्रॉली निघाली तेव्हा बारक्या पोरीच्या कडेवर होता आणि पत्रक बारक्याच्या तोंडात. मी ते काढलं, पुसलं आणि तिच्या दप्तरात खुपसलं.