कादंबरी झाली, मुखपृष्ठ अडलं

अंखेसेनामुनवरची माझी कादंबरी लिहून झाली, मुद्रितं तपासून झाली, आयएसबीएन हा पुस्तकाचा ओळख क्रमांकही आला. (तो आपल्याकडे फुकट मिळतो, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका.) अडलं ते एका चित्रापाशी.

अंखेसेनामुन ही प्राचीन इजिप्तचा राजा अखेनातेन आणि राणी नेफर्तीती यांची तिसरी मुलगी, पुढच्या काळातल्या तुतनखामुन राजाची राणी. तो गादीवर आला तेव्हा जेमतेम आठ-नऊ वर्षांचा. त्याच्या सोन्याच्या सिंहासनाच्या पाठीवर ती त्याच्या खांद्याला सुगंधी तेल लावताना दिसते. मला मुखपृष्ठावर तेच हवं होतं.

छायाचित्राचे हक्क परदेशातल्या एका संस्थेकडे. ऑनलाइन अर्जात सगळं विचारलं होतं: प्रती किती, चित्र आत की मुखपृष्ठावर, विक्री कुठल्या देशांत, ई-बुक निघणार का. मग आला भाषेचा रकाना. यादीत मराठी नाही, ‘इतर’ही नाही, आणि रकाना भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. ईमेल केला तर उत्तर आलं, हिंदी निवडा. मी ठाम नकार दिला. परवान्यावर हिंदी लिहिलं, तर मराठी पुस्तकाला तो कागद काय कामाचा? कोट्यवधी लोक ही भाषा बोलतात, हे एका अर्जासाठी पुन्हा पुन्हा पटवून द्यावं लागलं, याचा राग अजून गेलेला नाही. शेवटी रकाना सुटला आणि दरपत्रक आलं. मुखपृष्ठाचे वेगळे, ई-बुकचे वेगळे, दुसरी आवृत्ती निघाली की पुन्हा पैसे. हजार प्रतींच्या मराठी कादंबरीला हे कसं परवडावं? तिकडे प्रकाशक रोज विचारत होते, “मॅडम, छपाई थांबवू का?”

सुटका केली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने. 2017 पासून त्यांनी हक्कमुक्त वस्तूंची छायाचित्रं कुणालाही, अगदी व्यावसायिक वापरासाठीही, विनामूल्य खुली केली आहेत. तिथे मला तुतनखामुनच्या अंत्यविधीच्या वेळचा फुलांचा गळपट्टा सापडला. पपायरसवर शिवलेली ऑलिव्हची पानं, कॉर्नफ्लॉवरची फुलं, मधूनमधून फेयन्सचे, म्हणजे चकाकी दिलेल्या भाजीव पदार्थाचे, निळे मणी. तीन हजारांहून जास्त वर्षं झाली, तरी पानांची ओळ न् ओळ जागच्या जागी. तुतनखामुनची कबर 1922 मध्ये सापडली, हा गळपट्टा मात्र त्याच्या पंधरा वर्षं आधीच राजांच्या दरीतल्या एका खड्ड्यात मडक्यांमध्ये मिळाला होता. सिंहासनापेक्षा हेच चित्र माझ्या राणीचं वाटलं.

कबरीतल्या फुलांवरूनच अंत्यविधी मार्च-एप्रिलमध्ये झाला असावा असं अभ्यासक मानतात. माझं ते प्रकरणही त्याच ऋतूत घडतं. अशा तपशिलांसाठी ऑक्सफर्डच्या ग्रिफिथ इन्स्टिट्यूटच्या संकेतस्थळावर ती कबर शोधणाऱ्या हॉवर्ड कार्टरच्या नोंदी वाचायला मिळतात. लिहायला बसण्याआधीच वाचा.

आणि छायाचित्र उतरवून घेताना त्या पानावरची ‘पब्लिक डोमेन’ची, म्हणजे हक्कमुक्त असल्याची, खूण बघा, पानाची प्रत प्रकाशकांकडे देऊन ठेवा. श्रेय द्यायची सक्ती नाही. मी दिलं, मलपृष्ठाच्या आतल्या बाजूला, संग्रहालयाच्या पूर्ण नावासकट.