तुम्ही विचारलंत म्हणून: ‘मारत नाही ना, मग तक्रार कशाची?’

‘नवरा मारत नाही ना? मग तक्रार कशाची? आणि एवढाच त्रास असेल तर कायदा आहे की!’ सोसायटीच्या बैठकीत, लग्नाच्या पंगतीत, कुठेही हे ऐकावं लागतं. उत्तर दर वेळी अर्धवट राहतं, म्हणून एकदा नीट लिहिते.

मारहाणीशिवायचा छळ कायद्यात आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं कलम ३ मारहाणीइतकंच भावनिक आणि आर्थिक छळालाही हिंसाचार म्हणतं. संरक्षण अधिकाऱ्याने (या कायद्याखाली बाईच्या मदतीला नेमलेला अधिकारी) भरायच्या अहवालाच्या छापील नमुन्यात तर घराबाहेर पडू न देणं, ठरावीक माणसांना भेटू न देणं, पगार काढून घेणं हेही वेगवेगळं विचारलेलं आहे.

अडतं ते पोलीस ठाण्याच्या टेबलाशी. ‘काय झालं? कधी झालं?’ तक्रार घेऊन आलेल्या बाईकडे तारीख नसते. रोज संध्याकाळी नवरा हिच्या स्कूटीचं रीडिंग बघतो. हिंजवडीतल्या कंपनीतून पगार हिचा येतो, पण ओटीपी त्याच्या फोनवर. मैत्रिणीकडे गेली की व्हिडिओ कॉल लावून खोली फिरवून दाखवायची. एकेक सांगितलं की समोरचा म्हणतो, ‘एवढंच?’ मग अदखलपात्र नोंद, म्हणजे एनसी. मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय तपास नाही. तो कागद घेऊन ती त्याच फ्लॅटमध्ये परत जाते. भारतीय न्याय संहितेच्या, म्हणजे फौजदारी कायद्याच्या, कलम ८५-८६ मधली क्रूरता, हुंड्याची मागणी नसेल तर, आत्महत्येकडे ढकलणारी किंवा जिवाला, शरीराला, मनाला गंभीर इजा करणारी असावी लागते. म्हणजे ती किती खचली यावर मोजमाप.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते गुन्हा नोंदवण्याआधीच्या, नवरा-बायकोच्या एकत्र बैठकीत. तो वेळेवर येतो, इस्त्रीच्या शर्टात, हातात फाइल. फाइलमध्ये फ्लॅटचे हप्ते, मुलांच्या फीच्या पावत्या आणि हिच्या डॉक्टरची चिठ्ठी. ‘तिला डिप्रेशन आहे मॅडम, काळजी वाटते म्हणून लोकेशन बघतो.’ आवाज शांत. ती प्रत्येक वाक्याआधी त्याच्याकडे बघते. खरा पुरावा ते बघणंच, पण ते कुणी लिहून घेत नाही. बोलण्याच्या ओघात ती बहिणीकडे ठेवलेल्या पैशांचं सांगून बसते, ते आता त्यालाही कळलेलं असतं. शेवटी समजुतीचा कागद: तो त्रास देणार नाही, ती न सांगता माहेरी जाणार नाही. त्याचा नियम, खाली सही हिची. पुढे न्यायालयात हाच कागद ‘समेट झाला होता’ म्हणून दाखवला जातो. मॅजिस्ट्रेटने लावलेल्या समुपदेशनासाठी याच कायद्याच्या २००६ च्या नियमांत, नियम १४ मध्ये, स्पष्ट लिहिलंय की हिंसाचाराचं समर्थन गैरअर्जदाराला, म्हणजे इथे नवऱ्याला, करू द्यायचं नाही आणि हे त्याला सुरुवातीलाच सांगायचं. ठाण्याच्या पातळीवरच्या बैठकीत तो नियम कुणी काढत नाही.

पूर्वी मीच सांगायचे, ‘आधी ठाण्यात जा.’ आता सांगते, कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १२ चा अर्ज थेट न्यायालयात करता येतो, पुण्यात शिवाजीनगरला. साताऱ्याला माहेरी राहत असेल तर तिथेही. विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मोफत मिळतो, बायकांना उत्पन्नाची अट नाही. पण पहिली सुनावणी ३ दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत हे कायद्यातले आकडे प्रत्यक्षात क्वचित दिसतात. आणि एखाद्या रात्री ११२ लावायची वेळ आली तर ती आधीची एनसीच उपयोगी पडते. तेव्हाची मी चुकले होते का? ठरवता आलेलं नाही.

खोट्या तक्रारी होतच नाहीत, असंही मी म्हणणार नाही. पण त्या भीतीपोटी हिचं ऐकूनच घ्यायचं नाही, हे मला मान्य नाही.

तारीख नसेल तर क्रम लिहावा. वही घरात नको, विश्वासातल्या माणसाकडे: दिवस, वेळ, काय मागितलं, नकार दिल्यावर काय झालं. बँकेचं स्टेटमेंट शाखेतून शिक्क्यासह घ्यावं. मेसेजचे नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत. भारतीय साक्ष अधिनियमाच्या, म्हणजे पुराव्याच्या कायद्याच्या, कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, म्हणून मूळ फोन जपावा. वकिलाला फोन दुसऱ्याच्या मोबाइलवरून करावा. आणि लोकेशन एकदम बंद करू नये, ते बंद झालेलं सगळ्यात आधी त्यालाच कळतं.