भुरभुर आणि कुरकुर

मुसळधार पावसात आमचा वायपर शहाण्यासारखा वागतो. खोपोलीपुढे आभाळ फाटल्यागत ओतत असतं, तेव्हा त्याचं हूं की चूं नाही. पण पुण्यात तसा पाऊस पडतो किती दिवस? वर्षाचा सगळा मिळून साधारण 750 मिलिमीटर, मुंबईच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. त्यातही भुरभुरच फार. छत्री उघडली तर लोक बघतात, नाही उघडली तर केस चिकट होतात. वायपरचं तेच. बंद ठेवावा तर पुढची रिक्षा दिसत नाही, लावावा तर दोन फेऱ्यांत काच कोरडी आणि तिसऱ्या फेरीला हा केकाटतो.

‘‘गाडीत कुत्र्याचं पिल्लू घेतलंस का गं?’’ आईने कर्वे रोडवर विचारलं.

रविवारी फडकं घेऊन बसले. ब्लेड दोन बोटांत धरून रबराची कड पुसत नेली, तर फडक्यावर काजळासारखी रेघ. चार-पाचदा पुसल्यावर कुठे ती फिकी झाली. काच मात्र दिसायला लख्ख. तिच्यावर तांब्याभर पाणी ओतलं, तर ते पसरेना, थेंब थेंब धरून बसलं. वॉशिंगवाल्याने प्रेमाने मारलेलं पॉलिश! अशा पापुद्र्यावर रबर सरकत नाही. अडकतं, सुटतं, पुन्हा अडकतं, आणि त्याचीच ती थडथड होते. भांड्यांच्या साबणाने काच घासली. थडथड गेली, केकाटणं राहिलं.

मग नाना पेठ. स्पेअर पार्ट्सच्या दुकानात नवी ब्लेडं मागितली, तर दुकानदार म्हणाला, ‘‘ताई, आवाज वर जाताना येतो का खाली येताना?’’

कोण लक्ष देतं? बाहेर जाऊन, काचेवर पाणी मारून ऐकलं. वर जाताना गप्प, खाली येताना ओरडा.

‘‘मग आर्म पिळलाय.’’ आर्म म्हणजे ब्लेड धरणारा दांडा.

रबराची पातळ कड नेहमी मागे घसटत यायला हवी, साडीच्या काठासारखी. फेरी उलटली की तिनेही उलट्या अंगाला कलायचं. आर्म जरा जरी तिरका झाला, की एका बाजूला ती घसटते आणि दुसऱ्या बाजूला काचेत रुतते. त्याने आर्मला कापड गुंडाळलं, पक्कड लावली आणि सुतभर पीळ दिला. एवढंच. ब्लेडं तरीही विकलीच. ‘‘नख लावून बघा, उन्हानं कडक झालंय. दर वर्षी जूनच्या तोंडावर बदलत जा.’’ नख लावलं. खरंच, शिळ्या पापडीसारखं.

1903 साली अमेरिकेत मेरी अँडरसनबाईंनी वायपरचं पेटंट घेतलं, तो आतून हाताने लिव्हर ओढून चालवायचा होता. आपल्याच हाताने ओढायचा असता, तर कुठे अडकतोय हे मला पहिल्याच दिवशी कळलं असतं.

आता उन्हात गाडी लावली की मी वायपर उभे करून ठेवते. तापलेल्या काचेला रबर चिकटून भाजायला नको. संध्याकाळी परत येते तो दोन्ही आडवे. परवा जिन्यात तिसऱ्या मजल्यावरचे काका भेटले.

‘‘अहो, तुम्ही रोज वायपर तसेच विसरता. मी आठवणीने खाली घालतो हं.’’