अक्षता पडल्या की डिस्क अडकते

सांगलीत लग्नाच्या कॅसेटचं मिक्सिंग करून देणं, एवढाच आमचा मूळ धंदा. पुढे सीडी आली तरी बिटरेटवर, म्हणजे सेकंदाला किती बिट खर्चायचे यावर, डोकं चालवायचं कारण नव्हतं. व्हीसीडीला व्हिडिओसाठी सेकंदाला 1150 किलोबिट ठरलेले. अक्षता पडताना नवरानवरीच्या तोंडावर चौकोन उठायचे, लोक चालवून घ्यायचे.

डीव्हीडी आली आणि गिऱ्हाईक बदललं. व्हिडिओला कमाल 9.8 मेगाबिट चालतात म्हटल्यावर काही लॅब सरासरीच साडेआठ-नऊला नेऊन ठेवायच्या, का तर क्वालिटी! मग तीच डिस्क घेऊन माणूस आमच्याकडे यायचा, "बाकी झकास चालते ओ, पण अक्षता पडल्या की अडकते."

अडकणारच. मागच्या फ्रेममधलं जे बदललं नाही ते एन्कोडर (व्हिडिओ दाबून लहान करणारं सॉफ्टवेअर) पुन्हा लिहीत नाही, सगळी बचत त्यातच. इथे तांदळाचा प्रत्येक दाणा दर फ्रेमला नव्या जागी, त्यावर फोटोवाल्यांचे फ्लॅश. बचत शून्य, बिट उसळतात. प्लेअरचा बफर मात्र 224 किलोबाइटचा, गच्चीवरच्या टाकीसारखा. डिस्कवरून धार ठरावीक वेगानं येते, दाबलेलं चित्र उलगडणारा डीकोडर एकेक फ्रेम उपसत राहतो. 9.8 च्या धारेनंही ही टाकी म्हणजे सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याहून कमी वेळाचा साठा. लागोपाठ चार जड फ्रेम आल्या की खडखडाट. तासाभराची सरासरी किती, याच्याशी प्लेअरला देणंघेणं नसतं. त्यात घरी बर्न केलेली, ओरखडे पडलेली डिस्क. स्वस्तातला प्लेअर तोच भाग पुन्हा वाचत बसला की धार आणखी बारीक.

म्हणून आम्ही सरासरी पाच-साडेपाचवर ठेवली, कमाल आठवर बांधली, बफर नियमातला तेवढाच, 18,35,008 बिट म्हणजे तेच 224 किलोबाइट, आणि एन्कोडिंग दोन पासमध्ये. पहिल्या पासात कुठे किती लागतील याचा अंदाज, दुसऱ्यात वाटणी. आहेराच्या रांगेत कॅमेरा स्टँडवर, पाकीट देणं आणि हसणं. तिथे वाचलेले बिट अक्षतांना आणि वरातीला. (आहेरातला एकही पाहुणा कापू देत नाहीत लोक, ते आमच्या पथ्यावरच पडायचं.) आवाजही डॉल्बीत दाबलेला, बिनदाबाचा ठेवला तर तो एकटाच दीड मेगाबिट खातो आणि आवाजासकट एकूण मर्यादा 10.08 ची. तीन तासांचं लग्न एकाच 4.7 जीबी डिस्कवर बसवा म्हणणाऱ्याला सरळ सांगायचो, आवाज धरून सेकंदाला साडेतीनसुद्धा मिळत नाहीत, दोन डिस्क घ्या.

दोन पास म्हणजे रात्रभर मशीन चालू. भारनियमनात मध्येच लाईट गेली की सगळं पहिल्यापासून. दुकानातली पहिली मोठी खरेदी कॅमेऱ्याची नव्हती, इन्व्हर्टरची होती.

पेनड्राइव्हचा काळ सोपा गेला. जुन्या टीव्हीसाठी एच.264 या व्हिडिओ दाबायच्या पद्धतीला कमाल बांधली की काम झालं.

2020 मध्ये लग्नं 50 माणसांत आली आणि उरलेले सगळे लाइव्हवर. लाइव्हला पुढचं दिसत नाही, त्यामुळे दोन पास विसरा. मर्यादा कार्यालयातल्या अपलोडची, तीही वऱ्हाडाचे मोबाईल त्याच टॉवरवर आल्यावर उरेल तेवढी. मिळालेल्या वेगाच्या निम्म्यावर कमाल ठेवतो, बफर सेकंदाभराचा, की-फ्रेम, म्हणजे मागच्यावर न विसंबणारं पूर्ण चित्र, दर दोन सेकंदांनी. बफर वाढवला तर अक्षता सुंदर दिसतात, पण ती उसळी डोंगलला झेपत नाही आणि नेमक्या मुहूर्ताला चाक फिरत बसतं. थोडे चौकोन परवडले.

हल्ली फोर-के लाइव्ह मागणारे येतात. बुकिंगला तारखेनंतर आमचा दुसरा प्रश्न असतो, कार्यालयात फायबर स्टेजपर्यंत आहे का ऑफिसातच?